डोकं मोठं झालंय म्हणे! (बोटभर वैमानिकांच्या मूर्ती : कला की नुसता छंद?)

बोटभर | शनि, रात्री ११:४०

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज राग आलाय म्हणून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेली अकरा वर्षं मी बोटाएवढ्या मूर्ती करते. विषय एकच : पहिल्या महायुद्धातले वैमानिक. तेच का, याचं उत्तर मला स्वतःलाही नीट देता येत नाही. पण चामडं, लोकर, रेशीम, मेंढीची फर, कातडी पट्टे, चष्म्याची काच, एवढे सगळे पोत एकाच माणसाच्या अंगावर दुसऱ्या कुठल्या पोशाखात सापडत नाहीत, हे मात्र खरं.

गेल्या महिन्यात एका कलाप्रदर्शनाच्या शिल्प विभागात मी माझा हरदित सिंग मलिक पाठवला. १:१६ प्रमाण, उंची साधारण ११ सेंमी. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा, वर इपॉक्सी क्ले, सहा महिन्यांचं काम. पार्सल परत आलं ते दोन ओळींच्या चिठ्ठीसह. एक, ही कलाकृती नसून हौशी मॉडेल आहे. दोन, डोकं शरीराच्या प्रमाणात मोठं झालं आहे.

पहिली ओळ लागली. दुसरी वाचून मी एकटीच हसत बसले.

मलिक हा ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकलेला, ससेक्सकडून क्रिकेट खेळलेला शीख मुलगा. ब्रिटिशांच्या हवाई दलात आधी घेतलं नाही, म्हणून फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवली. शेवटी १९१७ मध्ये घेतलं. पगडी उतरवायला तो तयार नव्हता आणि नेहमीचं चामडी हेल्मेट पगडीवर बसेना, तेव्हा त्याने खास मोठं हेल्मेट शिवून घेतलं. त्यावरून दलातले लोक त्याला 'उडता हॉबगॉब्लिन' (म्हणजे उडतं खट्याळ भूत) म्हणायचे. म्हणजे डोकं मोठं दिसणं हाच त्या माणसाचा इतिहास! ते मी प्रमाणात केलं असतं तर तो मलिक राहिलाच नसता.

असो. माझा प्रश्न सरळ आहे. हे जे मी करते, ती कला आहे का? 'छान छंद आहे हो' सोडून काहीही बोला.

चहाटळ | शनि, रात्री ११:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फोटो टाका आधी.

एरंडेल | रवि, सकाळी ७:१५

फोटो पाहिले. ताई, हात जोडतो. पण स्कार्फ इतका पांढरा कसा?

मलिक २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ कॅमल हे विमान उडवायचा. कॅमलचं इंजिन रोटरी. त्यात दांडा जागेवर राहतो आणि अख्खं इंजिनच प्रोपेलरबरोबर गरगर फिरतं. वंगणाला एरंडेल, तेही एकदा वापरून बाहेर फेकलं जाणारं. ते वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर यायचं. रेशमी स्कार्फ काही रुबाबासाठी नव्हता. मागून कोणी येतंय का हे बघायला सारखी मान वळवावी लागे, लोकरी कॉलरने ती सोलवटायची, म्हणून रेशीम. आणि त्यानेच चष्मा पुसायचा. तुमच्या मलिकचा स्कार्फ नुकताच इस्त्रीहून आल्यासारखा वाटतो.

(पुढेमागे त्याच युद्धातला आपला दुसरा वैमानिक, इंद्रलाल रॉय केलात तर मात्र डाग नकोत. तो एसई५ए विमान उडवायचा. त्याचं इंजिन पाण्याने थंड होणारं व्ही-८. माझं टोपणनाव कुठून आलं ते आता कळलं असेलच.)

खडूफळा | रवि, सकाळी ९:०५

चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा मास्तरकीच्या सुरात लिहिलं गेलं तर माफी असावी.

ताई, तुमचं कौशल्य वादातीत आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी ती फारच तुटकपणे लिहिली आणि मलिकबद्दल त्यांना माहिती नव्हती, हेही मान्य. पण पहिल्या ओळीशी मी सहमत आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना माझ्याकडची कितीतरी मुलं बसली. वस्तुचित्रात तांब्या हुबेहूब काढणारी पुष्कळ होती. त्यांतली दोन-तीनच अशी, की त्यांच्या कागदावरचा तांब्या बघून तहान लागावी. बाकीच्यांनी तांब्याची मापं घेतली होती. वरचा एरंडेल यांचा प्रतिसाद बघा : स्कार्फवर डाग हवा की नको, इंजिन कुठलं, स्क्वाड्रन कितवी. ही चर्चा पंचनाम्याची आहे, शिल्पाची नव्हे. जिथे 'बरोबर की चूक' एवढंच विचारता येतं, तिथे कारागिरी असते. उत्तम कारागिरी, पण कारागिरीच.

शिल्पकार म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी ही मूर्ती १८९६ ची. तिच्या साडीची चूण न चूण त्यांनी घडवली आहे. पण ती साडी कुठल्या पेठेतली, हे विचारायला तिच्यासमोर कोणी थांबत नाही.

शाडू | रवि, दुपारी १:३०

सर, तुमच्या वाक्याला पेणहून विचारतो. आमच्या कारखान्यात साच्यातून गणपती निघतो, फिनिशिंग होतं, रंग होतो, सगळं दहा हातांतून. डोळ्यांची आखणी मात्र आमचे काका करतात, दुसऱ्या कोणाचा ब्रश तिथे लागत नाही. साचा एक, मूर्ती शंभर, आणि काकांनी डोळे आखले की शंभराच्या शंभर वेगळ्या बघायला लागतात. यात कारागिरी कुठे संपली ते मला खरंच सांगा. मी जेजेला गेलो नाही, म्हणून विचारतो.

बाकी ताई, तुम्ही कुठली क्ले वापरता? मोल्डइट का?

बोटभर | रवि, रात्री १०:१०

@शाडू : सुरुवात एम-सीलने केली होती, घरात नळ गळत होता तेव्हा उरलेल्यावर. फार लवकर कडक होतं ते. आता मोल्डइट, आणि चेहरे-हात यांच्यासाठी बाहेरून मागवलेली बारीक पुट्टी. मे महिन्यात तीही अर्ध्या वेळात आवळते, म्हणून उन्हाळ्यात चेहरे करत नाही. हत्यारं म्हणाल तर आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टाकून दिलेली, आणि शिवणाच्या सुया.

@एरंडेल : स्कार्फ रंगवताना मनात तो उड्डाणाच्या *आधीचा* आहे. बघा, हेल्मेटचा एक पट्टा अजून लावलेला नाही, मानेपाशी पगडीच्या कापडाची कड दिसतेय. पट्टा लावला की ती कड झाकली जाते नि बघणाऱ्याला फक्त मोठं डोकं दिसतं. तो एक क्षण मला हवा होता. परीक्षकांना तोही दिसला नाही, जाऊ दे.

@खडूफळा सर : तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. सगळा राग बाजूला ठेवून लिहिते.

हुबेहूब, मापं घेऊन, असं तुम्ही म्हणता. सर, या आकारात हुबेहूब करताच येत नाही. करून बघा. दोन मिलिमीटर जाडीचं चामडं १:१६ मध्ये मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढं होतं. तेवढी पातळ पुट्टी लाटता येईल एक वेळ, पण ती चामड्यासारखी पडणार नाही. मूर्ती लहान करता येते, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. सुरुवातीला मी खऱ्या कापडाचा तुकडा गोंदात भिजवून अंगावर बसवला होता. चादर पांघरलेलं झुरळ दिसत होतं. म्हणजे कोटाची प्रत्येक घडी ठरवावी लागते. दंडाला किती, कमरेला किती, कुठली अजिबात नको. माणूस थकलाय की थंडीने आखडलाय, हे त्या घड्याच सांगतात, चेहरा तर जेमतेम दीड सेंमीचा.

उजेडाचंही तसंच. माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली एवढ्याशा कोटाच्या घडीत सावली पडतच नाही, सगळं सपाट पिठासारखं दिसतं. म्हणून सावली रंगवावी लागते. खोबणीत गडद, उंचवट्यावर फिकट, आणि तेही खऱ्यापेक्षा भडक. कोटाचा 'बरोबर' रंग नुसता लावला तर माणूस मेलेला दिसतो. डोळ्याच्या खाचा खऱ्यापेक्षा खोल कोराव्या लागतात, हात किंचित मोठे करावे लागतात. चूक करायची, पण किती, हे कुठल्याच फोटोत लिहिलेलं नसतं.

तुम्ही म्हणता तिथे फक्त 'बरोबर की चूक' विचारता येतं. माझं सगळं आयुष्य 'किती चूक' यात चाललंय.

चहाटळ | रवि, रात्री १०:१४

चादर पांघरलेलं झुरळ 😂 शेवटचं वाक्य मीही बायकोला ऐकवणार आहे.

थेम्सकाठ | सोम, पहाटे ३:२०

(इथे अजून रविवार रात्रच आहे.) इथे टेट गॅलरीत फ्रेंच कलावंत देगाच्या चौदा वर्षांच्या नर्तिकेची ब्राँझ प्रत आहे. मूळ मूर्ती मेणाची, अंगावर खरा कापडी घागरा, डोक्याला खरे केस. १८८१ मध्ये त्याने ती काचेच्या पेटीत ठेवून पॅरिसला मांडली तेव्हा समीक्षकांनी झोडपलं. हे कसलं शिल्प, ही तर शरीरशास्त्राच्या संग्रहालयात ठेवायची वस्तू, असा सूर होता. बोटभरताईंच्या चिठ्ठीत 'हौशी मॉडेल' लिहिलंय, तेव्हाच्या लोकांनी 'बाहुली' म्हटलं असेल, एवढाच फरक.

आणि आकाराचं म्हणाल तर शिल्पकार जाकोमेत्तीने युद्धकाळात इतक्या लहान मूर्ती केल्या, की जिनिव्हाहून पॅरिसला परतताना त्या काड्यापेटीत मावल्या. इतकं लांब तरी कशाला जा, मोहेंजोदडोची नर्तकी १०.५ सेंमी आहे. ताईंच्या मलिकहून अर्ध्या सेंटिमीटरने बुटकीच!

खडूफळा | सोम, सकाळी ८:४०

थेम्सकाठ, लहान म्हणून कला नाही असं मी म्हटलेलंच नाही. उगाच नसलेल्या किल्ल्यावर तोफा डागू नका.

आता नर्तकीचा विषय तुम्ही काढलाच आहे तर तिच्याकडे नीट बघा. तिचे हात शरीराच्या मानाने फार लांब आहेत. बांगड्यांनी खांद्यापर्यंत भरलेला तो डावा हात तर केवढा! घडवणाऱ्याला माणसाचं प्रमाण माहीत नव्हतं असं समजायचं कारण नाही. त्याला ती तशी हवी होती. एरंडेल त्या काळी असते तर त्यांनी तिला मापात बसत नाही म्हणून परत पाठवलं असतं. माझा मुद्दा तोच आहे.

शाडू | सोम, सकाळी ८:५५

सर, मलिकचं डोकंपण मापात बसत नाही म्हणूनच परत आलं की हो.

चहाटळ | सोम, सकाळी ८:५७

🔥🔥

खडूफळा | सोम, सकाळी ९:३०

शाडू, हा टोला मान्य. दुपारी विचार करून लिहितो.

बहुभुज | सोम, दुपारी १२:१०

मी हेच काम संगणकावर करतो. झेडब्रशमध्ये घडवायचं नि रेझिन प्रिंटरवर छापायचं. सगळे 'बोटांनी, सुईने' यावर भाळलेले दिसताहेत, म्हणून विचारतो, माझं काय? मलाही घड्या ठरवाव्याच लागतात. फक्त चुकलं तर मागे जाता येतं.

पण एक कबुली देतो. गेल्या वर्षी कामाची घाई होती म्हणून मित्राला जाकीट घालून उभं केलं, स्कॅन केलं, छोटं करून छापलं. सगळं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ताई म्हणतात तसंच मेलेलं. दुरून बघितलं तर वितळलेलं साबण. मग बसून सगळ्या घड्या हाताने (माऊसने म्हणा) खोल केल्या, तेव्हा कुठे माणूस उभा राहिला. म्हणजे यंत्राने केलेली हुबेहूब नक्कल माझ्याकडे फाईलमध्ये आहे, शेजारी दुरुस्त केलेलीही आहे. सरांना हवी तर दोन्ही पाठवतो, न सांगता ओळखून दाखवावं.

एरंडेल | सोम, संध्याकाळी ७:४५

सकाळपासून माझ्या नावाने शिमगा चाललाय. बोलतो.

पंचनामा करणारा म्हणून माझा अनुभव सांगतो. लोकांना वाटतं, जुना फोटो असला की रंग माहीत होतो. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही. तांबडं काळपट येतं, निळं पांढरट. जर्मन वैमानिक रिक्टहोफेनचं लालभडक विमान फोटोत जवळपास काळं दिसतं, ते यामुळे. त्याच्या गळ्यातला निळा क्रॉस (पदक) फोटोत फिका येतो. आता वैमानिकाचा कोट घ्या. फोटोतला करडा खरा तपकिरी असेल, लालसर तपकिरी असेल, किंवा काळा. लेखी नोंद मिळाली तर ठीक. नाहीतर पाच जाणकार पाच रंग सांगतात आणि सहावा मी असतो.

अवांतर : लाल त्रिपंखी विमानाशेजारी उभा रिक्टहोफेन, ही मूर्ती जगात ढिगाने सापडते. प्रत्यक्षात त्याच्या ८० विजयांपैकी त्रिपंखीतले १९ च. उरलेले बहुतेक अल्बाट्रॉस विमानांवर. पण त्रिपंखी काढून घेतलं तर त्याला कोणी ओळखणार नाही. हा निर्णय इतिहासाचा नाही, करणाऱ्याचा आहे, आणि माझ्या मते आळशी निर्णय आहे.

सांगायचा मुद्दा, मी जिथे हात टेकतो तिथून ताईंचं काम सुरू होतं. स्कार्फबद्दलचे शब्द मागे. उड्डाणाआधीचा आहे हे पट्ट्यावरून कळायला हवं होतं मला.

कोपऱ्यातली | सोम, रात्री ९:२०

सगळे परदेशी युद्धातलेच का? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते करा ना. किंवा सरला ठकराल. १९३६ मध्ये एकविसाव्या वर्षी साडीत जिप्सी मॉथ उडवणारी मुलगी! तिथे चामड्याऐवजी निऱ्या येतील.

एरंडेल | सोम, रात्री ९:३१

जे. आर. डी. कराच, पण त्यांचं पस मॉथ हे बंद केबिनचं विमान आहे. वाऱ्यावर उडणारा स्कार्फ दाखवलात तर मी पुन्हा येईन.

बोटभर | मंगळ, दुपारी ३:००

सरला ठकराल डोक्यात आहे, कोपऱ्यातली. नऊवारी-पाचवारी काहीही असो, निऱ्यांना मी घाबरते. १:१६ मध्ये निरी म्हणजे ब्लेडची धार.

सध्या टेबलावर इंद्रलाल रॉय आहे. कलकत्त्यात जन्मलेला, लंडनला शाळेत गेलेला. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत १० विमानं पाडली आणि २२ जुलैला स्वतः पडला. वय १९. फ्रान्समध्ये एस्तव्हेलला त्याच्या थडग्यावर बंगाली अक्षरं आहेत. १९९८ मध्ये आपल्याकडे त्याचं टपाल तिकीटही निघालं.

अडलेय ती हातांपाशी. सगळे रॉयला विमानाला टेकून, छाती काढून उभा करतात. मला तो तसा दिसतच नाही. त्याला चित्रं काढायचा नाद होता, त्याने काढलेली विमानांची चित्रं मागे राहिली आहेत. म्हणून मी त्याला पेट्रोलच्या डब्यावर बसवलाय, मांडीवर वही, पेन्सिल हातात. हेल्मेट काढून गुडघ्यावर. अंगात अर्धवट बटणं सोडलेला कोट. समोरचं विमान मी करणार नाही, तो बघतोय एवढंच.

एरंडेल, बोला. नापास?

एरंडेल | मंगळ, दुपारी ३:४०

असा फोटो आहे का?

बोटभर | मंगळ, दुपारी ३:४२

नाही.

एरंडेल | मंगळ, संध्याकाळी ६:१०

डबा दोन गॅलनचा चौकोनी पत्र्याचा घ्या, वर पितळी बूच. मापं व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. जुलै महिना आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या पायात मांडीपर्यंतचे फरचे बूट नकोत, घामाने मरेल तो. वर गेलं की गोठवणारी थंडी, खाली उन्हाळा. ते बूट शेजारी आडवे पडलेले चालतील.

शाडू | मंगळ, संध्याकाळी ६:३०

आडवे पडलेले बूट भारी! ताई, डोळे शेवटी करा. आणि दोन्ही एका बैठकीत, मधे चहाला उठू नका, काका म्हणतात दुसरा डोळा मग पहिल्याचं ऐकत नाही.

थेम्सकाठ | मंगळ, संध्याकाळी ७:०५

पेन्सिल केवढी होईल हो?

बोटभर | मंगळ, रात्री ८:१५

खरी सात मिलिमीटर धरली तर १:१६ मध्ये अर्ध्या मिलिमीटरलाही कमी. तांब्याची तार ताणून लावतेय, पुट्टीची केली तर हात लागताच मोडेल.

खडूफळा | मंगळ, रात्री ११:५०

दुपारी लिहितो म्हटलं होतं, दोन दिवस गेले. बहुभुज यांनी दोन्ही मूर्तींचे फोटो पाठवले. स्कॅनची कुठली ते लगेच ओळखलं, आणि का ओळखलं याचा विचार करत बसलो. 'मॉडेल' या शब्दावरून माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, विमानाशेजारी छाती काढून उभे असलेले ते ढिगाने विकले जाणारे वैमानिक मी आजही शिल्प मानणार नाही. त्यावर सावकाश भांडू.

तूर्त एकच विचारायचंय. त्या मुलाच्या हातातली पेन्सिल, टोक केलेली आहे की झिजलेली?

बोटभर | बुध, पहाटे ०:२०

झिजलेली, सर. आणि टोकाच्या उलट बाजूला चावलेली.